दाण्यात पीपी किती, एचडी किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात रिप्रो दाण्यावर, म्हणजे भंगार प्लॅस्टिक वितळवून पुन्हा बनवलेल्या दाण्यावर, लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की दोन प्लॅस्टिकं एकत्र वितळलेली असली तरी एफटीआयआर मशीनवर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश टाकून पदार्थ ओळखणाऱ्या मशीनवर, त्यांचं प्रमाण काढता येतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. प्रयोगशाळेत तीस वर्षं हेच काम केलं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, गिरगाव): ताई, टीव्हीच्या रिमोटमध्येपण इन्फ्रारेडच असतो असं माझा नातू म्हणतो. मग मशीनमधला इन्फ्रारेड वेगळा असतो का? आणि पॉलिथिन (पीई) काय, पॉलिप्रॉपिलीन (पीपी) काय, दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच, तर मशीनला फरक कळतो कसा?

उत्तर: सर, नातू बरोबर बोलतोय. रिमोटचा इन्फ्रारेड साधारण ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल रंगाच्या अगदी शेजारी राहणारा. आमच्या मशीनमधला त्याच्यापेक्षा बराच पलीकडचा, २.५ ते २५ मायक्रॉनचा. लॅबमध्ये मात्र आम्ही मायक्रॉन बोलत नाही, वेव्हनंबर बोलतो, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात तो आकडा, आणि तो ४००० पासून ४०० पर्यंत उतरत जातो. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लालच्याही पुढे जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला, तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली.

आता फरक. अणूंना जोडणारे बंध सारखे हलत असतात, ताणतात, वाकतात, झुलतात, आणि प्रत्येक हालचालीचा ठेका ठरलेला असतो. प्रकाशातला जो ठेका जुळतो तेवढाच प्लॅस्टिक शोषून घेतं, बाकीचा पलीकडे जातो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीला एक सोडून एक कार्बनवर मिथाइलचा गट लटकलेला असतो, त्याचे तीन हायड्रोजन एकदम आत-बाहेर होतात, अगदी छत्री उघडल्या-मिटल्यासारखे, आणि या हालचालीला पुस्तकातसुद्धा छत्रीचंच नाव आहे. मशीनच्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, अशा शोषणाचा जो उंचवटा दिसतो त्याला पीक म्हणतात, आणि छत्रीचा पीक येतो १३७६ या वेव्हनंबरला. पॉलिथिनमध्ये ही छत्री जवळपास नसतेच, पण तिथे सीएच-टू ची, म्हणजे दोन हायड्रोजनवाल्या कार्बनची, लांबलचक रांग असते आणि निदान चार-पाच जण ओळीने असले की ते एका तालात डोलतात, तो पीक ७२० च्या आसपास. पॉलिप्रॉपिलीनमध्ये सीएच-टू एकेकटा असतो, शेजारी जोडीदार नाही, म्हणून ७२० नाही. अणू तेच, पण मांडणी वेगळी, आणि मशीन मांडणीच वाचतं.

प्रश्न (रिप्रो दाण्याचा गाळा, वसई): ताई, आम्ही एचडीचा, म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिथिनचा, रिप्रो दाणा बनवतो, त्यात पीपी किती शिरलंय हे गिऱ्हाईक विचारतं. मुलाने १०, २०, ३०, ४०, ५० टक्के पीपीचे नमुने बनवले, एका लॅबमधून रीडिंग आणली, एक्सेलमध्ये रेषा मारली, आर स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते तो आकडा, एक म्हणजे तंतोतंत) ०.९७ आला. पण निव्वळ व्हर्जिन एचडी लावून बघितलं तर ती रेषा साडेसात टक्के पीपी दाखवते. मशीन खराब आहे का?

उत्तर: भाऊ, मशीन उत्तम आहे, आणि शुद्ध माल लावून बघायचं तुमच्या मुलाला सुचलं त्याबद्दल त्याला माझ्याकडून शाबासकी द्या, मोठमोठ्या लॅबमध्ये हे करत नाहीत.

त्याने पाठवलेले आकडे इथे देते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ११६७ हा पीपीचा पीक, त्याचा एरिया भागिले पॉलिथिनच्या ७२०-७३० या जोडीचा एरिया, हे गुणोत्तर पाच नमुन्यांना अनुक्रमे ०.०९, ०.२०, ०.३४, ०.५३ आणि ०.८० आलं. गुणोत्तर घेतलं हे फार चांगलं केलं. शोषण हे पदार्थ किती आहे आणि फिल्म किती जाड आहे या दोन्हींवर अवलंबून असतं, बीअर आणि लॅम्बर्ट यांच्या नावाचा तो जुना नियम, आणि एकाच फिल्मचे दोन पीक एकमेकांनी भागले की जाडी आपोआप उडून जाते.

पण गुणोत्तर टक्क्यांच्या बरोबर सरळ रेषेत चालतच नाही, चालूही शकत नाही. पीपी वाढतं तेव्हा एचडी कमी होतं, म्हणजे वरचा आकडा चढतो आणि त्याच वेळी खालचा उतरतो, त्यामुळे आलेख वर वाकत जातो. बघा ना, पहिल्या दहा टक्क्यांत गुणोत्तर ०.११ ने वाढलं आणि शेवटच्या दहात ०.२७ ने. त्यावर पट्टी ठेवून रेषा मारली की ती दोन्ही टोकांना खाली राहणार आणि मधे वर. मी प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक काढला, तो आला अधिक, वजा, वजा, वजा, अधिक. फरकांचा असा वाडगा दिसला की आर स्क्वेअर ०.९७ असो नाही तर ०.९९, रेषा चुकीची. आर स्क्वेअर नुसता बघून समाधान मानायची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं.

उपाय सोपा आहे. आडव्या अक्षावर पीपीचे टक्के घेऊ नका, पीपी भागिले एचडी घ्या, म्हणजे १० ला ९० ने भागायचं, २० ला ८० ने, असं. मग तेच पाच बिंदू शून्यातून निघणाऱ्या सरळ रेषेवर बसतात आणि चढ येतो ०.८. आता नवीन मालाचं गुणोत्तर जे येईल त्याला, तेच गुणोत्तर अधिक ०.८, याने भागा, झालं पीपी. गुणोत्तर ०.४५ आलं तर ०.४५ भागिले १.२५, म्हणजे ३६ टक्के. जुनी रेषा याच मालाला ३३ म्हणाली असती, आणि शुद्ध एचडीला शून्याऐवजी साडेसात, जे तुम्ही स्वतः बघितलंतच. हा ०.८ मात्र तुमच्या मालाचा आणि त्या मशीनचा, दुसऱ्याने तो उचलून वापरायचा नाही.

आता नमुने कसे बनवले हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि सगळं घोडं तिथेच अडतं. पिशवीत दोन दाणे एकत्र हलवून त्यातले चार दाणे दाबले तर तो दहा टक्क्यांचा नमुना नव्हेच. वजन करून, एक्स्ट्रुडरमधून काढून, तुमचा रोजचा माल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाचे हे नमुने, गेले पाहिजेत. पीपी आणि एचडी एकमेकांत विरघळत नाहीत, वितळले तरी एकात दुसऱ्याचे मायक्रॉनच्या मापाचे ठिपके राहतात. एटीआरचा, म्हणजे पृष्ठभागावरूनच रीडिंग घेणाऱ्या जोडणीचा, हिरा दाण्यावर दाबून रीडिंग घेतलं तर तो जेमतेम एक-दोन मायक्रॉन खोलीचं बघतो, म्हणजे नुसती साल. म्हणून मी नेहमी हॉट प्रेसवर १९० डिग्रीला फिल्म काढून आरपार रीडिंग घ्यायला सांगते. फिल्म जाड झाली की मोठे पीक डोक्यावर सपाट होतात, ॲब्सॉर्बन्स, म्हणजे शोषणाचा आकडा, एकच्या खाली राहील इतकीच जाडी ठेवा. आणि फिल्म थंड करायची पद्धत एकच ठेवा, एकदा पाण्यात आणि एकदा हवेत असं नको. पीपीचे ९९८ आणि ८४१ हे पीक साखळ्या शिस्तीत गुंडाळून बसल्या तरच जोरात येतात, म्हणजे माल तोच असून नुसत्या थंड करण्याने आकडा हलतो, ते दोन वापरूच नका.

अजून एक, तुमच्या मालात कॅल्शियमचा फिलर, म्हणजे भर म्हणून घातलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड, असला तर ७१२ ला त्याचा टोकदार पीक येतो, बरोबर ७२० च्या कुशीत, आणि कॉम्प्युटर दोघांचा एरिया एकत्र धरून एचडी जास्त सांगतो. ८७५ ला काटा दिसला की समजायचं कॅल्शियम आहे, आणि मग ही रेषा त्या मालाला लावायची नाही.

प्रश्न (भंगाराचे व्यापारी, कुर्ला): माझ्या पीपीच्या मालात पीई आहे असा रिपोर्ट आला आणि लॉट परत आला. मी पीई टाकलेलं नाही. मशीनचा रिपोर्ट चुकू शकतो का?

उत्तर: चुकू शकतो, आणि एकदा तो माझ्या हातून चुकलाय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका व्यापाऱ्याच्या पीपीच्या दाण्यात मी १२ टक्के पॉलिथिन लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः लॅबमध्ये आले, रुमालात मूठभर दाणा बांधून आणला होता, रुमाल टेबलावर सोडला आणि म्हणाले, ताई, भट्टीपाशी मी स्वतः उभा होतो, यात एचडीचा एक दाणा गेलेला नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. काळा दाणा होता, त्यात एक तुकडा न वितळलेला होता, बॅटरीच्या डब्याचा कोपरा, त्यावरची अक्षरं अर्धी दिसत होती. तो तुकडा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला.

बॅटरीचे डबे, गाडीचे बंपर, वॉशिंग मशीनचे टब हे साध्या पीपीचे नसतात. आपटल्यावर फुटू नयेत म्हणून त्यात कंपनीतच एथिलीन जोडलेलं असतं, बाजारात त्याला पीपीसीपी किंवा नुसतं कोपॉलिमर म्हणतात. त्यातल्या एथिलीनच्या रांगा ७२० ला डोलणारच, त्यात कुणी काही टाकायची गरज नाही. माझे स्टँडर्ड होते होमो पीपी, म्हणजे एथिलीन नसलेलं साधं पीपी, आणि एचडीचे. मी त्यांच्या मालाला जो प्रश्न विचारला तोच चुकीचा होता. मग तोच दाणा डीएससीवर लावला, म्हणजे हळूहळू तापवून काय कधी वितळतं ते बघायचं. एचडी असतं तर १३० डिग्रीच्या आसपास ठसठशीत पीक दिसला असता. तिथे १२० च्या खाली एक बारीकसा उंचवटा आणि मग थेट १६० च्या पुढे पीपी. एचडी नव्हतंच.

रिपोर्ट मी त्याच दिवशी बदलून दिला, पण लॉट तोवर परत फिरला होता, जाण्यायेण्याचं भाडं त्यांच्याच खिशातून गेलं आणि ते मी भरून देऊ शकले नाही याची बोच आजही आहे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टवर आकड्याच्या आधी एक ओळ असते, हे कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत नमुन्यांवरून बसवलेली रेषा, कुठल्या पीपीवर आणि कुठल्या पीईवर केलंय. तुम्ही लॅबला पहिलं हेच विचारा. माल कशापासून बनलाय ते लिहून द्या, आणि डीएससी करून मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. उलट बाजूनेही हीच अडचण येते बरं का, एलडीच्या, म्हणजे लो डेन्सिटी पॉलिथिनच्या, साखळीला फांद्या असतात आणि फांदीच्या टोकाला मिथाइल असतो, म्हणून शुद्ध एलडीपण १३७६ ला थोडा पीक देतं आणि अडाणी कॅलिब्रेशन त्याला पीपी समजतं.

प्रश्न (एम.टेक. विद्यार्थिनी, माटुंगा): ताई, मी पीपी आणि एलडीच्या ब्लेंडवर पीएलएस मॉडेल केलंय. ९ स्टँडर्ड, प्रत्येकाचे ३ स्पेक्ट्रा, एकूण २७. सात फॅक्टर घेतले तर आर स्क्वेअर ०.९९९९ येतो, क्रॉस व्हॅलिडेशनपण छान. पण गाईडने दिलेलं ३० टक्क्यांचं सॅम्पल ४१ दाखवतं. काय चुकतंय?

उत्तर: अगं, तुझ्या मॉडेलने घोकंपट्टी केलीय. पेपरातली गणितं पाठ, नवीन गणित आलं की फज्जा.

ज्यांना पीएलएस माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एखाददुसरा पीक न घेता अख्ख्या स्पेक्ट्रमचे शेकडो बिंदू घ्यायचे आणि त्यातून प्रमाणाबरोबर हलणारे मोजकेच नमुनेदार बदल शोधायचे, त्यांना फॅक्टर म्हणतात. स्वीडनच्या हर्मन वोल्ड यांनी ही पद्धत अर्थशास्त्रासारख्या विषयांसाठी उभी केली आणि त्यांचा मुलगा स्वांते वोल्ड आणि नॉर्वेचे हॅराल्ड मार्टेन्स यांनी ती रसायनशास्त्रात रुजवली. पीक एकमेकांवर चढलेले असतात तिथे, म्हणजे तुझ्या एलडीसारख्या ठिकाणी, ही पद्धत सोन्यासारखी आहे. पण तिला मोकळं सोडलं की ती आवाजसुद्धा, म्हणजे रीडिंगमधली निरर्थक थरथरसुद्धा, पाठ करते. दोन पॉलिमरच्या ब्लेंडला सात फॅक्टर कशाला लागतील? दोन, तीन, फार तर चार. फॅक्टर वाढवत जा आणि प्रत्येक वेळी क्रॉस व्हॅलिडेशनची, म्हणजे काही स्पेक्ट्रा बाजूला ठेवून मॉडेलला त्यांचं प्रमाण ओळखायला लावलं की येते ती, चूक बघ, ती उतरायची थांबली की तूपण थांब.

आणि तुझं क्रॉस व्हॅलिडेशन छान आलं ते का, सांगते. तू एकेक स्पेक्ट्रम बाजूला काढलास ना? पण त्याच स्टँडर्डचे दोन सख्खे भाऊ मॉडेलमध्ये बसलेलेच होते, मग उत्तर त्यांच्याकडे बघून लिहिल्यासारखं झालं. तीनही स्पेक्ट्रा एकदम बाहेर काढ, अख्खं स्टँडर्ड काढ, मग खरा आकडा दिसेल आणि तो इतका गोड नसेल.

अजून विचारते, १०, २०, ३० असे ओळीने रन केलेस का? बहुतेक जण तसंच करतात कारण लेबलं तशीच लावलेली असतात. मग सकाळी मशीन गार असताना १० टक्के आणि संध्याकाळी ९० टक्के, आणि मॉडेल पीपी शिकलं की मशीनचं तापणं शिकलं हे देवालाच ठाऊक. चिठ्ठ्या टाक आणि ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने चालव, शक्य तर दोन वेगळ्या दिवशी. स्पेक्ट्रमचा सगळा पट्टा पण देऊ नकोस, २३५० च्या आसपास नुसता हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो, तो भाग काढूनच टाक. बेसलाइन, म्हणजे पीकांच्या खालची रेषा, वरखाली होत असेल तर सॅवित्झ्की-गोले डेरिव्हेटिव्ह (आलेख गुळगुळीत करून त्याचा चढ काढायची रीत) घे, १९६४ पासून जगभर तेच वापरतात, पण विंडो, म्हणजे एका वेळी धरायचे बिंदू, फार लहान ठेवलीस तर आवाजच मोठा होईल.

आता ते ४१ वालं सॅम्पल. ते तुझ्या कुटुंबातलं आहे का, हे आधी तपास. यासाठी आपल्याच माणसाने दिलेलं साधन आहे, महालनोबिस अंतर, प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा १९३६ चा पेपर, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी करणारे तेच. त्याचा अर्थ मी लॅबमधल्या नवीन मुलांना मुंबईच्या नकाशावर समजवायचे. दादर स्टेशन मधे धर. तिथून उत्तरेला वीस-बावीस किलोमीटर गेलीस तर बोरिवली येते, म्हणजे मुंबईतच आहेस, कुणाला काही वावगं वाटणार नाही. तेवढंच अंतर पश्चिमेला गेलीस तर भर समुद्रात आहेस. किलोमीटर सारखेच, पण शहर उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम चिंचोळं आहे, तेव्हा अंतर मोजायचं ते शहराच्या आकाराच्या हिशोबाने. तुझे २७ स्पेक्ट्रा म्हणजे ते शहर. गाईडचं सॅम्पल बोरिवलीत आहे की समुद्रात, ते महालनोबिस अंतर सांगतं. समुद्रात असेल तर ४१ हा आकडाच नाही, तो कागदावर लिहायचाच नाही, आणि मग शोध की त्यात वेगळं काय आहे, फिलर, दुसऱ्या कंपनीचं एलडी, जुना उन्हात पडलेला माल. उन्हातला माल असेल तर १७१५ च्या आसपास कार्बोनिलचा, म्हणजे कार्बनला जोडलेल्या ऑक्सिजनचा, पीक उगवलेला दिसेल, तो आधी बघ.

प्रश्न (क्वालिटी केमिस्ट, मरोळ एमआयडीसी): जून लागला की आमची रीडिंग हलायला लागतात. तेच कंट्रोल सॅम्पल मे महिन्यात २० दाखवतं आणि जुलैत २३. सर्व्हिसवाले म्हणतात मशीन ओके आहे.

उत्तर: दरवर्षीचं आहे हे. मुंबईचा पावसाळा मशीनच्या आत शिरतो. हवेतल्या वाफेच्या बारीक बारीक रेषांचं एक जंगल साधारण १३०० ते १९०० मध्ये आणि दुसरं ३५०० च्या वर असतं. तुम्ही १३७६ आणि १४६० चं गुणोत्तर वापरत असाल तर तुमचे दोन्ही पीक बरोबर त्या जंगलात उभे आहेत. ११६७ आणि ७२० त्याच्या बाहेर आहेत, जमलं तर तिकडे वळा. बॅकग्राउंड, म्हणजे सॅम्पल न लावता घेतलेलं रीडिंग, सकाळी एकदा घेऊन दिवसभर चालवू नका, प्रत्येक सॅम्पलच्या आधी घ्या, आणि झाकण उघडल्यावर मशीनला दोन-चार मिनिटं द्या. नायट्रोजन किंवा कोरड्या हवेची लाइन असेल तर प्रश्नच मिटला.

बहुतेक मशीनच्या पोटातला बीमस्प्लिटर, म्हणजे प्रकाशाचे दोन भाग करणारा तुकडा, पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो, म्हणजे मिठाचा भाऊच, ओल लागली की धुरकटतो आणि एकदा गेला की खर्च मोठा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग सोमवारी सकाळी बघायचा, महिन्याने नाही. शनिवार-रविवारी मशीन आणि एसी दोन्ही बंद करून जाणारे लोक सोमवारी रडतात, मशीन चालूच ठेवा, आतून कोमट राहिलं की ओल धरत नाही. पॉलिस्टायरीनची फिल्म मशीनबरोबर येते, तिचा १६०१ चा पीक जागेवर आहे का ते रोज तपासा.

आणि तुम्ही कंट्रोल सॅम्पल ठेवलंय हेच तुमचं मोठं भांडवल आहे. त्याचा रोजचा आकडा भिंतीवरच्या आलेखावर टाका, कोरड्या महिन्यांतल्या आकड्यांवरून वरची-खालची मर्यादा काढा. एकदम उडी मारली तर काहीतरी बिघडलं, हळूहळू चढत गेलं तर ओल. २३ दिसलं म्हणून सगळ्या मालातून तीन वजा करायचे असा शॉर्टकट कृपा करून मारू नका.

प्रश्न (धारावी, तेरा कंपाउंड): आमच्याकडे जुने कारागीर तुकडा जाळून वासावरून सांगतात. त्याला काही अर्थ आहे का?

उत्तर: आहे, भरपूर आहे, मी त्या लोकांकडूनच शिकले. पाण्यात टाकलं की पीपी आणि पीई तरंगतात, पीव्हीसी आणि बाटलीचं पेट बुडतं, हे घनतेचं शुद्ध शास्त्र आहे. पीई जळताना मेणबत्तीचा वास येतो आणि जळते थेंब पडतात. पण वेगवेगळे तुकडे वेगळे करायला हे चालतं, एकदा वितळून एकजीव झालेल्या दाण्यात दहा टक्के की वीस, हे कुठलंच नाक सांगू शकत नाही. आणि एक कळकळीची विनंती, पीव्हीसीचा संशय असेल तर जाळून हुंगू नका. त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, ती छातीत जाते. संशय असेल तर तुकडा पाण्यात टाकून बघा, बुडाला तर वेगळा ठेवा.

प्रश्न (खरेदी विभाग, भांडुप): लॅब आम्हाला "२३, अधिक-उणे ३" असं लिहून देते. आमची अट आहे पीपी २५ च्या आत. आम्ही एकच आकडा मागितला तर देत नाहीत. हे अधिक-उणे म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं नाही का?

उत्तर: नाही हो, त्या लॅबने तुमच्याशी प्रामाणिकपणा केलाय. समजा तुमच्या लॉटमधून पाच वेगवेगळ्या गोण्यांतून पाच मुठी काढल्या, पाच फिल्म केल्या आणि आकडे आले २१, २४, २२, २७, २१. सरासरी २३. पण बघा, २१ आणि २७ एकाच लॉटचे आहेत, कारण रिप्रोचा माल एका भट्टीचा नसतोच, गोणीगणिक बदलतो. या पाच आकड्यांचा पसारा धरून हिशोब केला तर ९५ टक्के भरवशाने सरासरी २० ते २६ च्या मधे कुठेतरी. यात कॅलिब्रेशनच्या रेषेची स्वतःची चूक अजून धरलेलीच नाही.

तेव्हा २५ च्या आत आहे का, याचं आजचं खरं उत्तर आहे, बहुतेक आहे पण सांगता येत नाही. एकच आकडा मागून घेतलात तर २३ बघून माल उतरवाल आणि मशीनवर २७ वाली गोणी लागली की रात्रपाळीचा माणूस तुम्हाला फोन करेल. त्यापेक्षा पाचाऐवजी दहा मुठी काढायला सांगा. पसारा तेवढाच राहिला तर अधिक-उणे तीनचं दोनच्या आत येतं. मुठी मात्र दहा वेगळ्या गोण्यांतून, काही वरून, काही मधून आणि काही तळातून घ्या, कारण ट्रकच्या हादऱ्याने बारीक चुरा खाली बसलेला असतो आणि दारातली पहिली गोणी फोडून दहा मुठी काढल्या तर ती एकच मूठ दहा वेळा मोजल्यासारखी होते.